ग्रहणाने ओठ फाटत नाही! नवजात बाळाच्या पहिल्या २४ तासांत काय बघाल?

तळा : बाळ फाटलेल्या ओठाचं जन्मलं की पहिला प्रश्न बाळंतिणीलाच येतो, "ग्रहणात भाजी चिरली होतीस का?" खरं तर बाळाचा ओठ आणि तोंडातली टाळू पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळून येतात. दोन बाजू जुळल्या नाहीत की फट राहते. साधारण ७०० बाळांमागे एकाला असं होतं. घराण्यातला दोष, विडी-सिगारेट, फिटची काही औषधं यांनी धोका वाढतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. ग्रहणाचा, विळीचा संबंध नाही.

ओठ डोळ्यांना दिसतो. टाळूची फट (डोक्यावरची नव्हे, तोंडातली वरची टाळू) तोंड उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. अशा बाळाला अंगावर नीट ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. आईचं दूध काढून, बाळाला उभट धरून, वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजावं. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन महिन्यांनंतर, टाळूचं ९ ते १८ महिन्यांत होतं.

*इथे थांबू नका*

ओठाला महिने मिळतात, पोटातल्या दोषाला तास मिळतात.

– तोंडातून सारखा फेस, पाजलं की ठसका, अंग निळं : अन्ननलिका बंद असू शकते. पाजणं लगेच थांबवा.
– शीची जागाच नाही, किंवा २४ तासांत काळी शी झाली नाही.
– हिरवी उलटी, पोट फुगलेलं : आतड्यात अडथळा असू शकतो.

अशा वेळी गुटी, मध, पाणी काहीच देऊ नका. बाळाला उबदार गुंडाळून १०८ ला फोन करा. ही ऑपरेशनं करणारे लहान मुलांचे सर्जन मुंबईसारख्या शहरात, परळच्या वाडियासारख्या हॉस्पिटलात असतात. तळ्याहून इंदापूरला हायवेला लागून तिथे पोचायला काही तास जातात, म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका.

*खर्चाचं काय?*

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. फाटलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळ उघडं करून दाखवा.

दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी सिस्टरना दोनच गोष्टी विचारा : बाळाची तोंडातली टाळू बघितली का? शीची जागा बघितली का?