प्रवेश परीक्षा : साधनांची निवड आणि अभ्यासाची रीत

बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी किंवा वैद्यकीय शाखेकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचे भवितव्य आज प्रामुख्याने प्रवेश परीक्षेवर अवलंबून असते. आमच्या बार्शी परिसरात दहावीचा निकाल लागला की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'सर, लेकराला शिकवणीसाठी लातूरला ठेवावे काय?' आणि 'पुस्तके कोणती घ्यावीत?' विचारणाऱ्यांत शेतमजूर असतात, बाजारात हमाली करणारे असतात. पहिल्या प्रश्नामागे पुष्कळदा व्याजाने काढावयाचा पैसा असतो. म्हणून त्याचे उत्तर जबाबदारीने द्यावे लागते. या लेखात आम्ही दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करीत आहोत. कारण त्याचे उत्तर सापडले की पहिल्याचे ओझे बरेच हलके होते.

मे १९२४ मध्ये याच बार्शीत भरलेल्या बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या प्रारंभी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकणाऱ्या मुलाला दोन वेळचे अन्न, निवारा आणि अभ्यासाला निवांत जागा हवी, हे त्या पिढीने ओळखले होते. ती सोय लाभलेल्या आजच्या विद्यार्थ्यापुढे पुढचा प्रश्न उभा आहे : मिळालेल्या वेळात काय वाचावे आणि कसे वाचावे?

प्रथम परीक्षेचे स्वरूप समजून घ्यावे. महाराष्ट्र राज्याच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. म्हणजे एका प्रश्नास ५४ सेकंद मिळतात. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असून त्यांनाही ९० मिनिटेच असतात. जीवशास्त्राचे १०० प्रश्न तेवढ्याच वेळात सोडवायचे असतात. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतात. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा हिशेब वेगळा आहे. ती ७२० गुणांची असून बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण कापला जातो. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. एका परीक्षेची तयारी जशीच्या तशी दुसरीला लागू पडत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता साधनांविषयी. इतिहासाच्या अभ्यासात मूळ साधने व दुय्यम साधने असा भेद आम्ही शिकवतो. शिलालेख, ताम्रपट, समकालीन पत्रे ही मूळ साधने होत. त्यांवर नंतर कोणी लिहिलेला ग्रंथ हे दुय्यम साधन होय. प्रवेश परीक्षेलाही हाच भेद लावावा. सीईटीसाठी बालभारतीचे पाठ्यपुस्तक आणि नीटसाठी एनसीईआरटीचे पाठ्यपुस्तक हे मूळ साधन आहे. बाजारातील गाइड, नोट्स आणि प्रश्नसंच ही सारी दुय्यम साधने आहेत. दोन्ही पाठ्यपुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक विषयाचा एकच प्रश्नसंच आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढे पुरेसे आहे. पाच प्रश्नसंच अर्धवट सोडवण्यापेक्षा एकच संच तीन वेळा सोडवणे अधिक फलदायी ठरते. नवा संच घेण्यापूर्वी जुन्यात न सुटलेले प्रश्न किती उरले, हे मोजावे.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्यापुढे भाषेची अडचण असते. सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळू शकतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. अकरावीपासूनची शिकवणही बहुधा इंग्रजीत होते. म्हणून पहिल्याच महिन्यात संज्ञांची दुपानी वही करावी. एका पानावर 'ॲक्सेलरेशन', समोर 'त्वरण'. एका पानावर 'मोमेंटम', समोर 'संवेग'. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. भौतिकशास्त्रात मात्र बल म्हणजे 'फोर्स', शक्ती म्हणजे 'पॉवर' आणि ऊर्जा म्हणजे 'एनर्जी'. तिघांची एककेही निराळी. हा भेद मनात पक्का नसेल, तर सूत्र पाठ असूनही उत्तर चुकते.

अभ्यासाच्या रीतीविषयी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते तीन वेळा लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. पुनर्वाचनाने विषय ओळखीचा वाटू लागतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान, असा भ्रम होतो. म्हणून प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर मुद्दे व सूत्रे लिहावीत आणि मग पुस्तकाशी ताडून पाहावे. हेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा करावे.

प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकांची वही लिहावी. चूक चार प्रकारची असते : विषय मुळात माहीत नव्हता, माहीत होता पण संकल्पना चुकीची समजली होती, आकडेमोडीत घसरलो, अथवा घाईत प्रश्नच चुकीचा वाचला. पहिलीवर उपाय पाठ्यपुस्तक, दुसरीवर शिक्षक, तिसरीवर रोजचा हातसराव आणि चौथीवर घड्याळ लावून सोडवलेली प्रश्नपत्रिका. आकडेमोडीत चुकणाऱ्या मुलास नवे पुस्तक आणून देण्यात अर्थ नाही.

सीईटी संगणकावर होते. ज्या घरी संगणक नाही, तेथील विद्यार्थ्याने शाळेच्या संगणक कक्षात आठवड्यातून एकदा तरी पूर्ण वेळेची सराव परीक्षा द्यावी. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, हेही पालकांनी समजून घ्यावे. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातील शंभरांपैकी नव्वद परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता लातूरचा प्रश्न. 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले ते अभ्यासक्रम वेळेत संपवणे, वारंवार चाचण्या घेणे आणि भरपूर सराव करून घेणे यांमुळे. ही कामे कोणत्याही गावात, कोणत्याही वसतिगृहात करता येतात. ज्या मुलाला एकट्याने शिस्त राखणे जमत नाही वा एखाद्या विषयाचा शिक्षकच जवळ नाही, त्याला शिकवणीचा उपयोग होतो. परंतु वही न उघडणाऱ्यास ती तारू शकत नाही. कर्ज काढण्यापूर्वी सहा महिने ही रीत घरी वा वसतिगृहात प्रामाणिकपणे पाळून पाहावी, समाजकल्याण खाते व बार्टी यांच्या चालू योजनांची चौकशी करावी आणि मगच निर्णय घ्यावा.

पालकांनी मुलाला 'किती तास बसलास?' असे विचारण्याऐवजी आठवड्यातून एकदा चुकांची वही मागावी. दुरुस्त झालेल्या चुकेपुढे मुलाने लाल खूण करण्याचा नियम ठेवावा. अक्षरओळख नसलेल्या आईलाही त्या खुणा मोजता येतात.