परसांतील गडगा

घाटावरच्या कित्येक वाचकांस ‘गडगा’ हा शब्द अपरिचित असेल. चुना नाहीं, माती नाहीं, सिमेंट नाहीं. केवळ दगडावर दगड बसवून रचलेली जी भिंत, तिला कोंकणांत गडगा म्हणतात. आगराला, कलमांच्या बागेला, घराच्या आवाराला गडगा हा असावयाचाच. देशावरही शेताच्या कडेनें अशी रचाई दृष्टीस पडते. वस्तु इतकी साधी आहे, कीं तिच्याविषयीं लिहिण्याजोगें कांहीं असेल असें पुष्कळांच्या ध्यानींही येत नाहीं. आणि ती साधी आहे एवढ्याच भरंवशावर जे ती बांधावयास जातात, त्यांचा गडगा बहुधा दुसऱ्या पावसाळ्यांत रस्त्यावर उतरतो.

हल्लीं जुने गडगे मोडून त्या जागीं सिमेंटच्या भिंती उभ्या करण्याची चाल पडली आहे. सपाट आवारांत तसें करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु ज्याचें परसूं उतारावर आहे आणि ज्याच्या भिंतीला एका बाजूनें माती रेटते, त्यानें घाई करण्यापूर्वीं पाण्याचा विचार अवश्य करावा. कोंकणांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो मातींत मुरतो आणि भिंतीच्या पाठीशीं येऊन उभा राहतो. भिंतीला वाट नसेल तर त्या पाण्याचा दाब सगळा तिच्यावर येतो. हा दाब किती? पाठीशीं एक मीटर पाणी तुंबलें, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पांचशें किलोंचा रेटा बसतो. दोन मीटर तुंबलें तर तो एक हजार होत नाहीं, दोन हजार होतो; कारण हा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. त्यांत मातीचा रेटा निराळाच. शाळेंत हें गणित मुलांकडून आम्हीं वर्षानुवर्षें करून घेतलें. परंतु त्याचा अर्थ आमच्याच आळींत एका आषाढांत सर्वांस उमगला. एका ठेकेदारानें बांधलेली पुरुषभर उंचीची सिमेंटची भिंत, जिला पाणी जाण्यासाठीं एकही भोंक ठेवलेलें नव्हतें, रात्रीं आडवी झाली आणि खालच्या घरच्या गोठ्यावर पडली. गुरें त्या रात्रीं पडवींत बांधलेलीं होतीं म्हणून वांचलीं. त्याच उतारावरचा, तिच्या शेजारचा जुना गडगा मात्र जागचा हललाही नाहीं. त्याच्या प्रत्येक फटींतून पाणी वाहत होतें, इतकेंच.

या तत्त्वाचें भव्य उदाहरण पाहावयाचें असेल तर अलिबागेस जावें. समुद्रांतील कुलाबा किल्ल्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्यावांचून नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचें पाणी फटींत शिरतें व तिचा जोर तेथेंच विरतो. आमच्या देवालयांतही ही विद्या होती. ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतों, तीं देवळें चुन्याशिवाय, घडीव दगड सांध्यांत सांधा बसवून उभारलेलीं आहेत. हेमाद्रि पंडित तेराव्या शतकांतला. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें. तेव्हां पद्धतीचें नांव पंडितांचें असलें, तरी पद्धति त्यांच्याहून दोनशें वर्षांनीं तरी जुनी आहे. चिकटविण्याचें ज्ञान नव्हतें म्हणून असें बांधीत, असेंही कोणीं समजूं नये. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाच्या कृती दिलेल्या आहेत. परदेशांत या कलेची कदर अलीकडे पुन्हां होऊं लागली आहे. इ. स. २०१८ मध्यें युनेस्कोनें युरोपांतील आठ देशांची कोरड्या दगडी रचाईची विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदली व २०२४ मध्यें त्यांत आणखी पांच देशांची भर घातली. आपल्याकडे गडगा रचणारे गडी मात्र म्हातारे होत चालले, आणि त्यांचे मुलगे मुंबईस गेले.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. दिवाळी ते होळी हा त्याचा हंगाम. प्रथम हद्द पाहावी. कोंकणांत गडग्याच्या हातभर रुंदीवरून सख्ख्या भावांचे वंशज कोर्टांत उभे राहिलेले आहेत. यास्तव संशय असेल तर सरकारी मोजणी करून घ्यावी, आणि पाया आपल्याच भूमींत खणावा.

घरच्या घरीं करणारानें तीन फुटांहून उंच जाऊं नये. त्याहून उंच भिंतीला जाणता माणूसच पाहिजे. वर्गाचें गणित वर सांगितलेंच आहे. तीन फुटी गडग्याला पायथ्याशीं दोन फूट रुंदी द्यावी. दर्शनी बाजू वर जातां जातां आंत सहा इंच झुकावी, म्हणजे माथा दीड फूट राहतो. सहा इंच खोल पाया धरून तीस फूट लांबीला जवळजवळ दोन ब्रास दगड लागतो. जांभा असेल तर उत्तम. तो खडबडीत व सच्छिद्र असल्यानें एकमेकांस धरून राहतो. काळा दगड टिकाऊ, पण जड. घट्ट दगडाचा एक घनफूट ऐंशी किलोंच्या आसपास भरतो. नदींतले गुळगुळीत गोटे मात्र घेऊंच नयेत. ते दिसतात सुंदर आणि निसटतातही तितक्याच सहज.

दगड आले, कीं ते निवडावे. या निवडण्यांतच अर्धें काम आहे. सर्वांत मोठे पायासाठीं; लांब दगड निराळे काढून ठेवावे; जड व चपटे माथ्यासाठीं; आणि कपच्यांचा वेगळा ढीग. हें शेवटचें काम मुलें मोठ्या हौसेनें करतात. पाया घट्ट जमीन लागेपर्यंत खणावा व त्याचा तळ मातीच्या बाजूस किंचित् उतरता ठेवावा. मग दोरी ताणून थराला आरंभ करावा.

नवशिका येथें जी चूक हटकून करतो, ती अशी: दगडाची लांब बाजू तो दर्शनी ठेवतो. तशी भिंत भरभर वाढते आणि देखणीही दिसते. परंतु तिला आंत मूळच नसतें. दगडाची लांबी भिंतीच्या आंत गेली पाहिजे. बाहेर दिसावें तें केवळ त्याचें तोंड. दुसरा नियम सांधेमोडीचा. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसावा. सांध्यावर सांधा आला कीं भिंतीला उभी चीर पडलीच म्हणून समजावें. तिसरा नियम आम्हांस एका वृद्ध गड्यानें शिकविला. तो प्रत्येक दगड बसविल्यावर त्यावर पाय देऊन उभा राही. डुगडुगला कीं म्हणे, “मास्तर, ह्यो नांदणार नाय.” मग फिरवून फिरवून, खालीं मागच्या बाजूनें कपची सारून, तो दगड मुका होईपर्यंत त्याचें समाधान होत नसे. कपची पुढून ठोकून बसवूं नये. ती पावसाळ्यांत गळून पडते.

दोन तोंडांमधील पोकळींत कपच्याच भराव्या, त्याही हातानें एकेक बसवून. येथें घमेलीं ओतून माती भरण्याचा मोह होतो. माती ओली झाली कीं फुगते, मग वाहून जाते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आंतून पोकळ होते. दीड फुटावर गेल्यावर दर तीन फुटांस एक लांब धोंडा आरपार टाकावा. दोन्ही तोंडांस एकत्र बांधणारे हेच. यांत काटकसर करूं नये. भिंत आणि माती यांच्या मध्यें वीतभर जागेंत दगडाचा चुरा भरीत यावा, म्हणजे पाणी येतें, माती येत नाहीं. माथ्यावर सर्वांत जड दगड दाटून बसवावे. दिवसाला दोन-तीन फूट लांबी झाली तरी नवशिक्यानें संतोष मानावा. साठी उलटलेल्यांनीं मोठे धोंडे उचलूं नयेत. पहारीनें फळीवरून सरकवावे. छिन्नी चालवितांना डोळ्यांवर चष्मा असावा.

एक गोष्ट मात्र विनोदावारीं नेऊं नये. दगडांच्या ढिगांत विंचू असतात, आणि रत्नागिरीकडे फुरसें असतें. तें लहान म्हणून दुर्लक्ष करण्यासारखें मुळींच नव्हे. दगडाखालीं हात न घालतां आधीं पहारीनें तो आपल्या बाजूस कलता करावा, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून दूर राहते. पायांत बूट असावे. दंश झालाच तर मंत्रतंत्रांत वेळ न दवडतां सरळ रुग्णालय गाठावें.

पुढें फारसें कांहीं उरत नाहीं. वड-पिंपळाचें रोप फटींत दिसलें तर बोटभर असतांनाच उपटावें. नेचे व शेवाळ खुशाल राहूं द्यावें. पहिल्या पावसाळ्यांत गडगा थोडा खालीं बसतो; त्याला भिऊं नये. जोराची सर येऊन गेली कीं छत्री घेऊन पायथ्याशीं जावें व फटींतून येणारें पाणी पाहावें. तें निवळ असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर पाठीमागची माती सुटते आहे. पाऊस उघडतांच तेवढीच जागा उकलून चुरा दाटावा आणि तेच दगड पुन्हां बसवावे.