चकल्यांचा डबा

आमच्या काकीने एका डब्यावरून एक लग्न मोडलं होतं. पोलादपूर तालुक्यातलं आमचं गाव. तेव्हा घरटी एक तरी पुरुष मुंबईला चाकरमानी. भावकीतल्या एका मुलीचं लग्न गिरणीतल्या मुलाशी ठरत होतं. मुलगा त्याच्या गावकीच्या खोलीवर राहतो, खानावळीत जेवतो, एवढीच माहिती. काकीने मुंबईला निघालेल्या एकाबरोबर त्याला पापडांचा डबा धाडला. तो डबा गिरणीच्या फाटकावर दिला गेला आणि पंधरा दिवसांनी तिथूनच परत आला. रीतीप्रमाणे तो रिकामा नव्हता, आत चकल्या होत्या. काकीने एक मोडून खाल्ली. "ही इकतची नाय, घरची हाय. खानावळीत जेवनारा बाप्या चकल्या कुठं तळतोय?" चौकशी झाली. त्याची बायको मुंबईतच होती.

पुढे मी महाडच्या एका शाळेत ग्रंथपाल झाले आणि रहस्यकथांची पेटीच माझ्या हाती आली. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या, सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद. मुलं पुस्तकावर झडप घालायची, आणि त्यांच्या आया ते रात्री वाचून काढायच्या. पण मी वाचलेल्या या मालिकांत बाई एक तर मदतनीस, नाही तर संकटात सापडलेली. छडा लावणारी कायम पुरुषाची नजर. काकीची नजर मला त्यात कुठे दिसली नाही.

ती दिसली परक्या मुलखात. अमेरिकेत मार्शा मुलरने १९७७ मध्ये शॅरन मॅकोन ही खासगी गुप्तहेर उभी केली. १९८२ मध्ये सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉरशॉस्की आणि स्यू ग्राफ्टनची किन्सी मिलहोन आली. ग्राफ्टनने इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने २५ कादंबऱ्या लिहिल्या. शेवटच्या अक्षराची राहिली, कारण २०१७ मध्ये त्या वारल्या. या ३५ वर्षांत किन्सीचं वय फक्त बत्तीसवरून एकोणचाळीसवर आलं. मालिकेची गोडी मला इथेच वाटते. गुन्हा पुस्तकागणिक बदलतो. किन्सीचं एका खोलीचं घर आणि शेजारचे म्हातारे घरमालक मात्र पुन्हा भेटतात, आपल्या आळीतल्यासारखे.

आपल्याकडे अशी बाई कादंबरीत नसेल, पण हाडामांसाची आहे. रजनी पंडित. वडील सीआयडीत, शिक्षण रुपारेल महाविद्यालयात, विषय मराठी साहित्य. १९९१ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली. नवरा आणि मुलाच्या खुनाचा संशय असलेल्या एका बाईच्या घरी त्या मोलकरीण म्हणून सहा महिने राहिल्या. ती आजारी पडली तेव्हा सेवा करून विश्वास मिळवला. पुढे जवळच्या ध्वनिमुद्रण यंत्राचा खटका वाजला, बाईला शंका आली आणि रजनीताईंचं बाहेर जाणं बंद झालं. एके दिवशी सुपारी घेतलेला माणूस घरी आला. रजनीताईंनी स्वयंपाकघरातल्या सुरीने स्वतःचा पाय कापून घेतला, मलमपट्टीच्या निमित्ताने निघाल्या आणि एसटीडी बूथ गाठला. पोलीस आले, दोघांना अटक झाली. हे त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे.

अटक पोलिसांनीच केली, हे लक्षात घ्या. खासगी गुप्तहेराला पोलिसांसारखा अटकेचा अधिकार नाही. या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण कायदा झाला नाही. म्हणजे हाती ना वर्दी ना वॉरंट; उरतं ते बारीक पाहणं आणि माणसाला बोलतं करणं. भांडी घासणाऱ्या बाईसमोर घरातली माणसं मोकळेपणी बोलतात, कारण तिला कान आहेत हेच ती विसरलेली असतात. १८५६ मध्ये शिकागोच्या पिंकर्टन संस्थेत नोकरी मागायला गेलेल्या केट वॉर्नने असंच काहीसं सांगितलं होतं: जिथे पुरुषाला शिरकाव नाही, तिथे बाई सहज पोचते.

रजनीताईंना दूरदर्शनचा हिरकणी पुरस्कार मिळाला आहे. ती हिरकणी आमच्या महाड तालुक्यातली, रायगडाच्या पायथ्याची. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर ती कुठून उतरली, हे पहारेकऱ्यांना कळलं नव्हतं, अशी कथा आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या घरातली खालची फळी गेली. अर्नाळकर, शिरवळकर, सगळ्यांचा लगदा झाला. ती फळी मी अजून भरलेली नाही. लिहिणाऱ्या मुलींनो, तिथे मला मराठी गुप्तहेर बाईची मालिका लावायची आहे. तिचं ऑफिस महाडच्या एसटी स्टँडसमोर असू द्या, तिला पोलादपूरची बोली येऊ द्या. पहिलं प्रकरण हवं असेल, तर काकीचा डबा घ्या.