मध शुद्ध असला तरी तान्ह्याला नको!

आमच्या कळंब्यावरून गारगोटी रस्त्याने पुढे गेले, की भुदरगडच्या जंगलपट्ट्यात पाटगाव लागते. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेतले हे ‘मधाचे गाव’. तेथे सातेरी माश्या पेटीत पाळतात. यंत्राने मध काढला की पोळे शाबूत राहते, पिल्ले मरत नाहीत. माशी जांभूळ-हिरड्याचे पराग या फुलावरून त्या फुलावर नेते. फळ धरते, बी पडते, जंगल टिकते. धम्मपदाच्या पुप्फवग्गात माशीचा दाखला आहे, तो उगाच नव्हे.

बाजारातल्या मधाचे काय? २०२० साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने १३ ब्रँड तपासले; सगळ्या चाचण्यांत ३च उतरले. भेसळ साखरेच्या पाकाची. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून ती कळत नाही. मध थिजला म्हणजे भेसळ, हेही खरे नाही.

आया-आज्यांना आमची कळकळीची विनंती : बाळाला मध चाटवण्याची रीत सोडा. शुद्ध मधातही बोटुलिझमचे जंतू असू शकतात. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात, अंग लुळे पडते, जीवही जाऊ शकतो. रीत जुनी आहे म्हणून पाळू नये, तपासून पाहावी, हीच तथागतांची शिकवण.