भंगारात जाण्यापूर्वी

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड ही जुनी व्यापारी गावे. १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि दौंडचे महत्त्व वाढले. पुढे पिठाच्या गिरण्या व विहिरींवरील पंप ऑईल इंजिनावर चालू लागले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी रुळले. आज अशी इंजिने गोदामाच्या कोपऱ्यातून वजनाच्या भावाने भंगारात जातात.

विकण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र अवश्य घ्यावे. सकाळच्या तिरप्या उजेडात आधी संपूर्ण यंत्र, मग फ्लायव्हील, शेवटी निर्मात्याचे नाव व क्रमांक असलेली पट्टी टिपावी. फ्लॅश टाळावा, त्याच्या चकाकीत अक्षरे हरवतात. संगणकावर सावलीतील भाग उजळावा, तिरकी चौकट सरळ करावी. परंतु गंज आणि तेलाचे डाग पुसू नयेत. खाडाखोड केलेल्या रोजकीर्दीवर जसा विश्वास बसत नाही, तसेच या चित्राचेही होते. मूळ चित्र वेगळे जपावे.

चित्रासोबत गाव, वर्ष आणि यंत्र चालविणाऱ्या कामगाराचे नाव लिहावे. मालकाचे नाव पेढीच्या पाटीवर राहते. त्याचे मात्र कोठेच उरत नाही.