गादी आणि पलंगाच्या मापांची जुळणी

गादी आणि पलंगाच्या मापांची जुळणी म्हणजे गादीची लांबी, रुंदी, जाडी व वजन यांना अनुरूप अशी पलंगाची चौकट, तिच्या तळाचा आधार आणि उशाकडील उभी फळी निवडणे होय. या उभ्या फळीस व्यवहारात हेडबोर्ड म्हणतात. एकेरी गादीच्या बाबतीत मापातील लहानसा फरक सहसा खपून जातो. दोन व्यक्तींसाठी असलेल्या मोठ्या गादीच्या बाबतीत मात्र गादी मध्यभागी खचणे, कडेला फट पडणे किंवा हेडबोर्ड चौकटीला न बसणे अशा अडचणी उद्भवतात. ‘क्वीन’ आणि ‘किंग’ ही नावे सर्व देशांत एकाच मापाची निदर्शक नसल्यामुळे जुळणी नावावरून न करता प्रत्यक्ष मापावरून करावी लागते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पूर्वी प्रामुख्याने कापसाच्या गाद्या वापरल्या जात. पिंजारी कापूस पिंजून तो सांगितलेल्या मापाच्या खोळीत भरत असे आणि पलंग सुताराकडून करवून घेतला जाई. दोन्ही वस्तू मागणीनुसार तयार होत असल्याने ठरावीक मापांची गरज फारशी भासत नसे. शिवाय कापसाची गादी लवचीक असल्यामुळे ती चौकटीपेक्षा किंचित मोठी असली तरी दाबून बसवता येई. रुंद पलंगावर तीन-तीन फुटी दोन गाद्या शेजारी-शेजारी घालण्याची पद्धत आजही आढळते.

कारखान्यात तयार होणाऱ्या काथ्याच्या, फोमच्या व स्प्रिंगच्या गाद्या आल्यानंतर ही स्थिती बदलली. या गाद्यांच्या कडा तुलनेने ताठ असतात. पलंग एका ठिकाणाहून व गादी दुसऱ्या ठिकाणाहून घेण्याचा प्रघात वाढल्यामुळे दोहोंची मापे जुळवण्याची जबाबदारी ग्राहकावर आली.

नावे आणि मापे

प्रचलित मोठी मापे पुढीलप्रमाणे आहेत. रुंदी प्रथम व लांबी नंतर दिली आहे.

• भारतीय क्वीन : ६० × ७२, ७५ किंवा ७८ इंच
• भारतीय किंग : ७२ × ७२, ७५ किंवा ७८ इंच
• अमेरिकी क्वीन : ६० × ८० इंच (सुमारे १५२ × २०३ सेंमी)
• अमेरिकी किंग : ७६ × ८० इंच (सुमारे १९३ × २०३ सेंमी)
• कॅलिफोर्निया किंग : ७२ × ८४ इंच (सुमारे १८३ × २१३ सेंमी)
• ब्रिटिश किंग : १५० × २०० सेंमी
• ब्रिटिश सुपर किंग : १८० × २०० सेंमी

भारतात एकाच नावाखाली तीन लांब्या मिळतात. सुतारांच्या बोलीत त्या अनुक्रमे सहा, सव्वासहा व साडेसहा फूट होत. त्यामुळे ‘किंग’ एवढाच उल्लेख अपुरा ठरतो. ब्रिटिश किंग हा भारतीय किंगपेक्षा सुमारे ३३ सेंमी अरुंद असून तो मापाने भारतीय क्वीनच्या जवळ जातो. ७२ × ७८ इंची भारतीय किंग गादी सेंटिमीटरमध्ये सुमारे १८३ × १९८ भरते. त्यामुळे ब्रिटिश सुपर किंग पलंगावर ती रुंदीस ३ सेंमी अधिक व लांबीस २ सेंमी कमी पडते. कॅलिफोर्निया किंग हा अमेरिकी किंगपेक्षा मोठा असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात तो ४ इंच लांब पण ४ इंच अरुंद असतो आणि त्याचे क्षेत्रफळ किंचित कमी भरते.

पलंगाची चौकट

गादी चौकटीच्या आत बसत असल्यास चौकटीचे आतील माप महत्त्वाचे असते. पलंग ‘सहा बाय साडेसहा’ आहे असे म्हटले जाते तेव्हा ते माप आतील की बाहेरील, हे स्पष्ट होत नाही. १९ मिमी जाडीच्या प्लायवूडच्या पलंगाची बाहेरील रुंदी ७२ इंच असेल, तर दोन्ही बाजूंच्या फळ्या मिळून सुमारे दीड इंच जागा घेतात व आत साडेसत्तर इंचच उरतात. अशा पलंगात ७२ इंची फोमची गादी कडेने वर उचलली जाते किंवा मध्ये फुगते. गादी सहज बसावी व चादर खोचता यावी, यासाठी प्रत्येक बाजूस साधारणतः अर्धा इंच मोकळी जागा ठेवतात.

सामान ठेवण्याची पेटी असलेल्या पलंगात गादीचे वजनही विचारात घ्यावे लागते. उचलणारे दट्टे ठरावीक भारासाठीच बनवलेले असल्याने गादी फार जड असल्यास झाकण वर टिकत नाही.

तळाचा आधार

पट्टीवर भार सारखा पसरलेला असताना ती किती वाकेल हे तिच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात ठरते. ३ फुटी पट्टीच्या जागी तशीच ६ फुटी पट्टी वापरल्यास प्रतिफूट तेवढ्याच भाराखाली ती सोळापट वाकते. या कारणाने क्वीन व त्याहून मोठ्या पलंगास मधोमध लांबीच्या दिशेने एक दांडा आणि त्याखाली जमिनीपर्यंत पोहोचणारे पाय आवश्यक असतात. मध्यभागी आधार नसल्यास दोघांच्या भाराने गादी आतल्या बाजूस झुकते व पाठीला समतल आधार मिळत नाही. अनेक उत्पादक आधाराविना वापरलेल्या गादीची हमी ग्राह्य धरत नाहीत.

फोमच्या गादीखालील पट्ट्यांमधील अंतर साधारणतः ३ इंचांहून अधिक नसावे, अन्यथा गादी फटींमध्ये दबते. सलग प्लायवूडचा तळ भक्कम असला तरी त्यातून हवा खेळत नाही. कोकणासारख्या दमट प्रदेशात अशा गादीच्या खालच्या बाजूस बुरशी येऊ शकते. म्हणून तळास भोके पाडतात व गादी अधूनमधून उभी करून ठेवतात.

हेडबोर्ड

हेडबोर्ड चौकटीचाच भाग असतो, बोल्टने चौकटीस जोडलेला असतो किंवा स्वतंत्रपणे भिंतीवर बसवलेला असतो. जोडण्याच्या प्रकारात रुंदीइतकेच बोल्टच्या छिद्रांमधील अंतर महत्त्वाचे असते. अमेरिकी किंगसाठी केलेला हेडबोर्ड ७२ इंची चौकटीस सरळ जोडता येत नाही. त्यासाठी वेगळी जोडपट्टी लागते. भिंतीवरील हेडबोर्डला ही मर्यादा नसते, मात्र पलंग सरकल्यास मध्ये फट पडते.

उंचीचा हिशेब गादीच्या जाडीवर अवलंबून असतो. तळ जमिनीपासून १२ इंचांवर व हेडबोर्ड ३६ इंच उंच असल्यास ५ इंची गादीवर १९ इंच फळी उरते. १० इंची गादीवर केवळ १४ इंच उरते. टेकून बसणाऱ्यास ही उंची पुरत नाही. गादी बदलताना ही बाब अनेकदा नजरेतून सुटते. तसेच गादीचा पृष्ठभाग फार उंच गेल्यास वृद्ध व्यक्तीचे पाय बसल्यावर जमिनीस टेकत नाहीत आणि उठताना तोल जाण्याचा धोका वाढतो.

सुरक्षितता

गादी व चौकट किंवा गादी व हेडबोर्ड यांमधील फट हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. तान्हे मूल अशा फटीत अडकून गुदमरू शकते; म्हणून त्यास मोठ्यांच्या पलंगावर एकटे झोपवू नये असा सल्ला दिला जातो. अशक्त रुग्णांनाही हा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये रुग्णालयीन पलंगांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. डोके अडकू शकेल अशा जागांतील फट १२० मिमीपेक्षा कमी असावी, असे त्यांत सुचवले आहे. घरगुती पलंगांसाठी ही मर्यादा लिहिलेली नसली तरी फट वाढल्यास अडकण्याचा धोका तेथेही असतो.

मोजमापाची पद्धत

पलंग आधीपासून असल्यास चौकटीची आतील लांबी व रुंदी प्रत्येकी दोन ठिकाणी मोजून त्यांतील लहान माप ग्राह्य धरतात. दोन्ही कर्ण सारखे भरल्यास चौकट काटकोनात आहे असे समजते. त्यानंतर तळाची उंची, मधला आधार व हेडबोर्डची छिद्रे तपासून ही मापे इंच व सेंटिमीटर अशा दोन्ही एककांत नोंदवतात. नवीन पलंग करवून घेताना आधी गादी निश्चित करून तिच्या मापाने चौकट बनवणे अधिक सोयीचे असते. ताठ मोठी गादी जिन्यातून किंवा लिफ्टमधून नेणे शक्य नसेल, तर ७२ इंच रुंदीसाठी ३६ इंची दोन गाद्या घेतात. त्या स्थितीत दोन्ही गाद्यांची जाडी व प्रकार एकच असणे आवश्यक ठरते.