मातृआरोग्यातील समता : डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील संशोधनाचा अभ्यास

प्रस्तावना :
मातृआरोग्याची प्रगती मोजण्यासाठी मातामृत्यू गुणोत्तर, म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू, हा निर्देशांक प्रामुख्याने वापरला जातो. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात हे गुणोत्तर २००१-०३ मध्ये १४९ होते. २०१८-२० मध्ये ते ३३ पर्यंत खाली आले. ही घट निश्चितच समाधानकारक आहे. तथापि हा आकडा राज्याची सरासरी दर्शवितो. उपचार कोणापर्यंत पोहोचले व कोणापर्यंत नाही, हे त्यावरून स्पष्ट होत नाही. तसेच मृत्यूपासून बचावलेली, परंतु आजारी राहिलेली माता या गणनेत येतच नाही. या पार्श्वभूमीवर डॉ. राणी बंग यांच्या दोन अध्ययनांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समता : अर्थ व व्याप्ती
समानता व समता या संकल्पनांत भेद आहे. सर्वांना सारखीच सेवा देणे ही समानता होय. ज्याची गरज अधिक त्याला अधिक सेवा मिळणे ही समता होय. टाळता येण्याजोगी व अन्याय्य अशी आरोग्यविषयक तफावत म्हणजे विषमता, असे सामान्यतः मानले जाते. मात्र गरज कोणाची अधिक आहे हे ठरविण्यासाठी प्रथम तिची नोंद व्हावी लागते. जी स्त्री रुग्णालयात येत नाही, ती रुग्णालयाच्या नोंदवहीतही नसते.

गावपातळीवरील स्त्रीरोगांचे अध्ययन :
स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेमार्फत कार्य सुरू केले. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे व सहकाऱ्यांचे अध्ययन प्रसिद्ध झाले. त्यात दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या मुलाखती घेऊन वैद्यकीय तपासणी करण्यात आली होती. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले; प्रत्येक स्त्रीमागे आजारांची सरासरी ३.६ होती. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

विशेष म्हणजे ५५ टक्के स्त्रियांनीच तक्रार सांगितली होती. याचा अर्थ, तक्रार न सांगणाऱ्या ४५ टक्क्यांपैकीही बहुसंख्य स्त्रिया आजारी होत्या. तक्रार नाही म्हणजे आजार नाही, हे गृहीतक येथे टिकत नाही. रुग्णांनी आपणहून येण्याची वाट पाहणारी व्यवस्था अशा स्त्रियांपर्यंत पोहोचू शकत नाही.

प्रसूती व प्रसूतिपश्चात काळाचे अध्ययन :
२००४ मध्ये प्रसिद्ध झालेले दुसरे अध्ययन १९९५-९६ मधील निरीक्षणांवर आधारित आहे. गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित ग्राम आरोग्यसेविकांनी ७७२ मातांचे घरीच निरीक्षण केले. त्यांपैकी ५२.६ टक्के मातांना काही ना काही विकार झाला. प्रसूतिवेळी हे प्रमाण १७.७ टक्के, तर प्रसूतीनंतर ४२.९ टक्के होते. काही मातांना दोन्ही काळांत त्रास झाला. १५.३ टक्के मातांना तातडीच्या प्रसूतिसेवेची, तर २४ टक्के मातांना तातडीच्या नसलेल्या वैद्यकीय उपचारांची आवश्यकता होती. स्तनांचे विकार, उशिरा होणारा रक्तस्राव व जननमार्गाचा संसर्ग हे प्रसूतीनंतरचे प्रमुख त्रास होते.

विवेचन :
२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाल्यानंतर संस्थात्मक प्रसूतींना चालना मिळाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात हे प्रमाण ९४.७ टक्के आहे. त्यामुळे बाळंतपणातील धोक्यांवर उपचार होण्याची शक्यता वाढली. परंतु रुग्णालयातून काही दिवसांत घरी परतलेली बाळंतीण पुढील आठवडे घरीच असते आणि गडचिरोलीत अधिक विकार याच काळात आढळले होते. २०११ पासूनच्या गृहाधारित नवजात शिशू सेवा कार्यक्रमात ‘आशा’ कार्यकर्ती प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत घरी भेटी देते. बाळासाठी होणाऱ्या या भेटीत मातेचा ताप, रक्तस्राव व स्तनांची तपासणी तितक्याच गांभीर्याने झाली, तर तिची गरजही नोंदविली जाईल.

मर्यादा :
पहिले अध्ययन दोनच गावांपुरते होते व दोन्ही अध्ययनांना आता बराच काळ लोटला आहे. त्यांतील टक्केवारी आजच्या संपूर्ण ग्रामीण भारतास लागू करणे योग्य ठरणार नाही. मात्र घरापर्यंत जाऊन गरज मोजण्याची त्यांची पद्धत आजही उपयुक्त आहे.

निष्कर्ष :
१. मातामृत्यू गुणोत्तरासोबत मातांच्या आजारपणाचीही नियमित नोंद होणे आवश्यक आहे.
२. राज्याच्या सरासरीबरोबरच जिल्हा व तालुका पातळीवरील तफावत पाहिली पाहिजे.
३. प्रसूतिपश्चात काळातील मातेची सेवा ही बालसेवेची पुरवणी न मानता स्वतंत्र जबाबदारी मानावी.

रुग्णालयाची इमारत सर्वांसाठी खुली असणे ही समतेची सुरुवात आहे. त्या दारापर्यंत न आलेल्या स्त्रीची गणना करणे ही तिची पुढील व अधिक कठीण पायरी होय.